जखमेवरचा अंगारा

माझा नंबर कोण कोणाला देतं ठाऊक नाही, पण वर्षातून दोन-तीनदा तरी एखाद्या अनोळखी माणसाचा फोन येतो. आवाज दबका असतो. "तुमच्या पाठीत ते मशीन बसवलंय ना? आमच्या ह्यांना डॉक्टर तेच सांगताहेत." पुढचे प्रश्न ठरलेले असतात. करंट लागतो का, विमानतळावर अडवतात का, चार्जिंग करताना झोपता येतं का. जखमेबद्दल कोणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. यंत्राबद्दल इंटरनेटवर जे काही होतं ते मी सगळं वाचून काढलं होतं, आणि जखमेचं काय, चार टाके पडतील, सुकतील, असं धरून चाललो होतो.

म्हणून हे लिहितोय. यंत्राचं काय व्हायचं ते डॉक्टर आणि कंपनी बघून घेतात. जखम मात्र तुमच्या घरी येते. तिथे तुमची माणसं असतात, आणि ती तुमच्यावर प्रेम करत असतात. धोका तिथेच असतो, हे वाचायला विचित्र वाटेल, पण पुढे वाचा.

उभ्याने जेवण

मणक्यातली गादी सरकली आणि नस दाबली गेली, इथपर्यंतची गोष्ट शंभर जणांची असते. माझं त्यावर ऑपरेशन झालं. एमआरआयमध्ये सगळं छान दिसायला लागलं, फक्त पाय ऐकेना. डाव्या कुल्ल्यापासून घोट्यापर्यंत आग. तव्याला हात लागल्यावर पहिल्या क्षणी होते तशी, फक्त तो क्षण संपायचाच नाही. बसलो की वाढायची.

मी बांधकाम कंपनीत क्वांटिटी सर्व्हेअर आहे, म्हणजे इमारतीला काय किती लागेल आणि किती काम झालं ते मोजणारा माणूस. सगळं काम बसून करायचं. मी फाइलींच्या कपाटावर लॅपटॉप ठेवून उभ्याने करायला लागलो. शारजाहून दुबईला ऑफिसला जाताना कारलिफ्टमध्ये, म्हणजे महिन्याचे पैसे भरून वाटून घेतलेल्या गाडीत, मागच्या सीटवर आडवा पडायचो आणि बरोबरचे तिघं मधल्या सीटवर खेटून बसायचे. माणसं चांगली होती, कधी बोलली नाहीत. मलाच त्यांच्याकडे बघवायचं नाही.

घरी जेवायचं ताट ओट्यावर. मंजिरी, माझी बायको, इथल्या इंडियन स्कूलमध्ये शिकवते. ती आणि सई टेबलावर, मी स्वयंपाकघरात उभा. सई तेव्हा दुसरीत होती. एकदा तिने वहीत घराचं चित्र काढलं. आई बसलेली, ती बसलेली, आणि दारात एक उंच माणूस उभा. मी विचारलं, हा कोण? "दॅट्स यू, बाबा. यू आर ऑल्वेज लीव्हिंग," ती म्हणाली. मला फार लागलं ते.

निदानाचा दिवस म्हणतात तो माझा असा गेला. डॉक्टर तारिक इजिप्तचे, धिप्पाड, हसरे. त्या दिवशी हसले नाहीत. ते म्हणाले, नस आता दाबलेली नाही, पण दुखावलेली आहे. चोर पळून गेला तरी अलार्म वाजत राहतो, तसं. मी विचारलं, किती दिवस? त्यांनी दोन्ही हात उलटे केले. मंजिरीने माझ्या बाहीला धरलं. बाहेर येऊन आम्ही पार्किंगमध्ये गाडी शोधत फिरलो. गाडी आणलीच नव्हती, टॅक्सीने आलो होतो.

मग त्यांनीच यंत्राचा मार्ग सांगितला. पाठीच्या कण्याजवळ दोन बारीक तारा सरकवायच्या, कमरेच्या जरा खाली कातडीआड काड्यापेटीएवढी बॅटरी ठेवायची. तिच्यातून सौम्य करंट जात राहतो आणि दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचत नाही. आधी चाचणी, म्हणजे तारा आत आणि बॅटरी बाहेर पट्ट्याला लटकवलेली. चालू केलं आणि पायात मुंग्या आल्या. आग कुठे गेली ते मी शोधत राहिलो. त्या संध्याकाळी मी टेबलावर बसून वरणभात जेवलो, परत घेतला, आणि ताटावरच रडलो. सई म्हणाली, "इज इट टू स्पायसी?"

मला काय हवं होतं ते एवढंच. बसून जेवायचं होतं. हातात आलेलं कसं जातं, ते आता सांगतो.

गुलाबी साबण

तेव्हा मंदीचा पहिला हिवाळा होता. ऑफिसच्या खिडकीतून दिसणाऱ्या क्रेन हलेनाशा झाल्या होत्या. माणसं कमी होत गेली तसे आमच्या मजल्यावरचे दिवे एकेका रांगेने बंद होत गेले. मला ठेवलं, कारण अर्धवट सोडलेल्या इमारतींचीही मोजणी करावी लागते. मयताच्या घरी सामान आवरायला कोणीतरी लागतंच. पण आज ठेवलेला माणूस पुढच्या महिन्यात असेलच असं नव्हतं, आणि नोकरी गेली की विमाही जाणार. डॉक्टर म्हणाले, "देन वी डोन्ट वेट. यल्ला." म्हणजे चला, उरका.

यंत्र कायमचं आत बसवायच्या ऑपरेशनआधी सिस्टर लिसीने शिकवणी घेतली. केरळच्या, बारीक अंगाच्या, आवाज मात्र हेडमास्तरचा. नाकातून नमुना घेतला, नाकात लावायला मलम दिलं, गुलाबी औषधी साबण दिला. त्याने मानेखाली सगळं अंग धुवायचं, धुतलेल्या चादरीवर झोपायचं, पाठीवर वस्तरा फिरवायचा नाही, सिगरेट बंद. मी म्हणालो, सत्यनारायणाला एवढं सोवळं नसतं आमच्याकडे. त्या हसल्या नाहीत.

"भैया, बात समझो," त्या म्हणाल्या. "बॉडी में खून घूमता है, तो दवा भी पहुँचता है, फौज भी पहुँचता है. मशीन में खून नहीं जाता. उसके ऊपर कीड़ा बैठ गया ना, तो कितना भी दवा दो, नहीं निकलेगा. फिर मशीन ही निकालना पड़ेगा."

मला वाटलं, जरा जास्तच घाबरवतात. इथे सगळे सगळ्यांना घाबरवूनच ठेवतात, असं माझं मत होतं.

आई

आई मदतीला साताऱ्याहून आली. माझे वडील लवकर गेले, तेव्हापासून ती एकटी आहे आणि कोणाच्या बापाला भीत नाही. आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलं. तिच्या शाळेत प्रार्थना संपली की मुलं दोन्ही हात पुढे करून उभी राहायची आणि ती रांगेतून नखं बघत जायची. मीही त्याच रांगेत असायचो. माझ्या नखांत माती सापडली तर मला इतरांपेक्षा एक पट्टी जास्त बसायची, मास्तरणीचा मुलगा म्हणून. हे मुद्दाम सांगतोय. पुढचं वाचून कोणी तिला अडाणी म्हातारी समजू नये.

बॅगेतून मेतकूट निघालं, गोडा मसाला निघाला, आणि पर्समधून वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली आमच्या देवीच्या अंगाऱ्याची पुडी. लहानपणी पोट दुखलं की बेंबीभोवती अंगारा, गुडघा फुटला की गुडघ्याला अंगारा. आमच्याकडे तो नुसता कपाळाला लावून भागत नाही. जिथे दुखतं तिथे लावायचा.

ऑपरेशन चांगलं झालं. पाठीच्या मध्यावर एक जखम, कमरेखाली डाव्या बाजूला दुसरी, दोन्हींवर चिकट ड्रेसिंग. ते हॉस्पिटलमध्येच उघडायचं, घरी कोणी हात लावायचा नाही, पाणी लागू द्यायचं नाही, वाकायचं नाही, वळायचं नाही. घरी आलो तो बसून आलो. टॅक्सीत सरळ, माणसासारखा बसून.

मग मंडळी बघायला यायला लागली. परदेशात आपल्या माणसांना आजारी माणूस म्हणजे पर्वणीच. कोणी खिचडी घेऊन आलं, कोणी संत्री, आणि प्रत्येकाला मशीन बघायचं होतं. "दाखव की, कुठे बसवलंय? बाहेरून हाताला लागतं का?" खालच्या मजल्यावरच्या देशपांडे काकांनी तर बोलता बोलता माझा टीशर्टच वर केला. मंजिरीने दाराशी हात धुवायच्या औषधाची बाटली ठेवली, तर एक वहिनी फणकारल्या, "आम्ही काय घाण हातांनी आलोय का गं?"

तेव्हा मंजिरीच्या बाजूने उभी राहिली ती आईच. "देशपांडे, हात धुऊन या आधी," ती म्हणाली, आणि सत्तरीचे काका बेसिनकडे गेले. सासू-सुनेचं असं मेतकूट मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मला मजा वाटली.

एका दुपारी मी पालथा झोपलो होतो. मंजिरी आणि सई शाळेत. झोप आणि जाग यांच्या मधे होतो तेव्हा आईचं पुटपुटणं ऐकू आलं, आणि कमरेखाली तिचं बोट लागलं. गार, हलकं. किती वर्षांनी माझ्या पाठीला आईचा हात लागला होता. मला इतकं शांत वाटलं की मी डोळे उघडले नाहीत. तसाच झोपून गेलो.

ताप

काही दिवसांनी कमरेखालची जखम गरम लागायला लागली. मी म्हणालो, बॅटरी आहे, गरम होणारच. मंजिरीने चादरीवर पिवळसर डाग पाहिला. मी म्हणालो, घाम असेल. घरून का होईना, मी पुन्हा कामाला लागलो होतो आणि हॉस्पिटलला परत जायचं म्हणजे साहेबांना पुन्हा आठवण करून द्यायची की हा माणूस आजारी असतो. मग मला हुडहुडी भरली. मंजिरीने पांघरूण ओढून बाजूला फेकलं आणि म्हणाली, "ऊठ. आत्ता."

डॉक्टर तारिक यांनी ड्रेसिंगची कड बघितली आणि थांबले. कड एकदा उचलून परत दाबून बसवलेली होती. तिच्या चिकटावर करडी भुकटी होती. उघडलं तर टाक्यांच्या रेघेतही करडं आणि त्याखालून पू.

"व्हॉट इज धिस? सिमेंट?" ते म्हणाले. "यू वेंट टु साइट, हबीबी?"

मी गप्प राहिलो. माझ्या गप्प राहण्याचा अर्थ त्यांनी हो असा घेतला. मंजिरी पुढे झाली, वाकली आणि तिने वास घेतला. धूप आणि कापूर. तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे होतं ते मला आयुष्यात पुन्हा बघायचं नाही.

जंतू तारांच्या वाटेने कण्यापर्यंत चढले तर काय होईल, ते डॉक्टरांनी हळू आवाजात सांगितलं. मग म्हणाले, "खलास. इट मस्ट कम आउट." सगळंच काढायचं, बॅटरीही आणि तारासुद्धा. मी विचारलं, नुसतं औषधाने नाही का होणार? सिस्टर लिसी तिथेच होत्या. त्यांनी मान हलवली. आधी सांगितलं होतं ना, असं म्हणायचा त्यांना हक्क होता. त्या म्हणाल्या नाहीत.

काढलं

भूल उतरायच्या आधी पाय पेटला. डोळे उघडायच्याही आधी मला कळलं की ते माझ्या अंगात नाही.

जखम शिवली नव्हती. आतून भरत यायला हवी म्हणून उघडी ठेवली होती. रोज सकाळी आतली पट्टी ओढून काढायची, धुवायची, नवी पट्टी आत भरायची. पट्टी ओढताना मी पलंगाची दांडी धरायचो आणि मराठीत शिव्या द्यायचो, त्या तिथे कोणाला कळत नव्हत्या ही एक सोय. दंडातल्या सुईतून औषध चालू. तोंडाला सारखी लोखंडाची चव. दर थोड्या वेळाने कोणीतरी यायचं आणि मान वाकवून हनुवटी छातीला टेकते का बघायचं, जंतू वर मेंदूच्या आवरणापर्यंत गेले नाहीत ना याची खात्री करायला. मी नंतर नंतर ते एकटा असतानाही करून बघायला लागलो. हनुवटी टेकली की आजचा दिवस मिळाला.

सुख म्हणावं असं एकच होतं. सिस्टर लिसी जखम धुवायच्या आधी सलाइनची बाटली आपल्या दोन्ही तळव्यांत धरून गरम करायच्या. कोणी सांगितलेलं नव्हतं. गार पाणी उघड्या मांसावर पडलं की काय होतं, हे त्यांना माझ्या ओरडण्यावरून कळलं होतं.

आई दिवसभर खुर्चीत बसून जप करायची. ताप उतरला त्या सकाळी तिने माझ्या केसांतून हात फिरवला आणि म्हणाली, "देवीनेच तारलं रे अवी. मी अंगारा लावला होता तुला, तू झोपलेला होतास. म्हणून एवढ्यावर निभावलं."

मंजिरी उठून बाहेर गेली. तिच्या मागोमाग मीही सलाइनचा स्टँड ढकलत कॉरिडॉरमध्ये गेलो.

"तू सांग त्यांना," ती म्हणाली. "नाहीतर मी सांगते."

"काय सांगू?"

"खरं ते सांग."

"डॉक्टर म्हणालेत, नक्की सांगता येत नाही. आपल्या कातडीवरचेच जंतू असतात म्हणे. घामाने होतं, देशपांडे काकांनी टीशर्ट वर केला होता—"

"अवी, मी वास घेतलाय."

"ती मरेल गं हे ऐकून."

"आणि तू? तू कशाने मरणार होतास?"

तिचा आवाज चढला नव्हता. मी खोलीत परत गेलो, सांगायचं असं ठरवूनच गेलो. आईने माझ्यासाठी सफरचंद चिरून ठेवलं होतं. मी ते खाल्लं. व्हिसा संपला तेव्हा आई परत गेली, जाताना उरलेली पुडी माझ्या उशीखाली ठेवून. मंजिरीने ती काढली आणि कुठे ठेवली मी विचारलं नाही.

मधलं वर्ष

यंत्राआधीचं दुखणं मला परवडलं असतं. यंत्रानंतरचं परवडेना, कारण आता बसून जेवणं कसं असतं ते ठाऊक झालं होतं. ताट पुन्हा ओट्यावर गेलं. सईने आपलं ताट उचलून ओट्यावर आणलं आणि माझ्याशेजारी उभी राहून जेवायला लागली. मंजिरी टेबलावर एकटी. काही दिवसांनी तीही आली. तिघंजण ओट्याला उभे राहून जेवायचो.

मंजिरी आणि मी त्या वर्षात औषधं, बिलं आणि सईची शाळा याखेरीज फारसं बोललो नाही. दर शुक्रवारी आईचा फोन यायचा. आईने देवीची ओटी भरलेली असायची, मी बरं आहे म्हणायचो, आणि मंजिरी खोलीतून निघून जायची. एकदा शाळेतून आल्यावर तिने गॅलरीच्या दाराला कुलूप लावलं आणि किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली. कारण सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. आम्ही नवव्या मजल्यावर राहतो. हे लिहायला मला लाज वाटत नाही. ज्यांना असं दुखतं त्यांच्या घरच्यांनी ते कुलूप लावायलाच हवं.

दुसऱ्यांदा

नोकरी टिकली, विमाही टिकला. जखम पूर्ण बरी झाल्यावर, रक्त पुन्हा पुन्हा तपासल्यावर डॉक्टर तारिक दुसऱ्यांदा यंत्र बसवायला तयार झाले. पण त्यांनी स्पष्ट सांगितलं, ह्या वेळी बिघडलं तर तिसऱ्यांदा नाही, निदान माझ्या हातून नाही. मग म्हणाले, घरात जे कोणी राहणार असतील त्या सगळ्यांना घेऊन या.

मंजिरीला शाळेतून रजा मिळेना, म्हणून आई पुन्हा आली होती. आम्ही चौघं सिस्टर लिसींच्या समोर, तिघी खुर्च्यांवर आणि मी भिंतीला टेकून उभा. मंजिरीने त्यांना आदल्या भेटीत अंगाऱ्याचं सांगितलं होतं. कोणी लावला ते मात्र सांगितलं नव्हतं. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

सिस्टरांनी साबण, चादर, नाकातलं मलम, सगळं पुन्हा सांगितलं. मग आईकडे वळल्या. घरात सगळ्यात मोठं माणूस ते.

"माँजी, पिछली बार किसी ने ड्रेसिंग उठाके राख लगाया था. मंदिर का होगा, प्यार से लगाया होगा. लेकिन घाव के अंदर गया, और कीड़ा पड़ गया. बेटे का जान जा सकता था. इस बार आप घर में रहेगा ना? आप ध्यान रखना. कोई भी आए, हाथ नहीं लगाएगा. मैं आपको बोलके रखती है."

आई नीट ऐकत होती, वर्गातल्या हुशार मुलीसारखी ताठ बसून. शेवटी तिने मान हलवली. "हाँ," ती म्हणाली. "मैं देखूंगी."

शारजाच्या हद्दीजवळ ट्रॅफिक तुंबला होता. सई टॅक्सीतच झोपली. घरी आल्यावर आईने चपला काढल्या, बाकावर बसली आणि आपल्या हातांकडे बघत म्हणाली, "हात धुऊनच लावला होता रे."

"माहीत आहे गं आई."

"साबणाने धुतले होते. नखंसुद्धा कापली होती."

मंजिरी पाणी घेऊन आली होती. वर्षभर जे बोलायचं म्हणून तिने साठवलं होतं त्यातलं ती काहीही बोलली नाही. आईच्या शेजारी बसली आणि ग्लास तिच्या हातात देऊन तो हात तसाच धरून ठेवला. मग दोघीही रडल्या. मी उभाच होतो, मला बसता येत नव्हतं.

राखण

दुसऱ्यांदा बसवलं आणि घरी आलो. आईने खुर्ची उचलली आणि माझ्या खोलीच्या दाराबाहेर ठेवून तिथे बसली. जखम सुकेपर्यंत ती तिथून हलली नाही म्हटलं तरी चालेल. देशपांडे काका आले, त्यांना दिवाणखान्यातूनच परत पाठवलं. "फोनवर बोला," ती म्हणाली. वहिनींची खिचडी दारातच घेतली. इथल्या मराठी मंडळात आमच्याबद्दल काय बोललं गेलं असेल ते आम्ही ऐकलं नाही.

पण ती स्वतःही आत आली नाही. उंबरठ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. चहा सईच्या हाती पाठवायची. मी म्हणायचो, आई, आत ये, बस इथे. "इथनं दिसतोयस की," ती म्हणायची. अंगाऱ्याची नवी पुडी तिने आणली होती हे मला ठाऊक आहे, कारण ती देवाच्या फोटोपुढे जशीच्या तशी बांधलेली होती. जायच्या दिवशी मी नमस्काराला वाकायला लागलो तर ती मागे सरली. "वाकू नकोस, सांगितलंय ना. तिथूनच कर." तेव्हा ते बरोबरच होतं, मला वाकायची बंदी होती.

जखम भरली. डॉक्टर तारिक "मब्रूक", म्हणजे अभिनंदन, म्हणाले आणि पहिल्यांदा माझ्या खांद्यावर थाप मारली. यंत्र आजही आत आहे. दुखणं गेलं नाही, अर्ध्यावर आलं. अर्ध्या दुखण्यात बसून जेवता येतं.

तर फोन करणाऱ्यांना मी हे सांगतो. हॉस्पिटलमध्ये जे सांगतील ते घरातल्या प्रत्येकाला, मोठ्यात मोठ्या माणसालाही, आधी समोर बसवून सांगा. देवाचं काही लावायचं असेल तर कपाळाला लावा. लाज वाटेल, पण बघायला येणाऱ्यांना दारातून परत पाठवा. गरम लागलं, लाल दिसलं, ओलं झालं की त्याच दिवशी दाखवा, नोकरीचा विचार करत बसू नका. आणि आणखी एक सांगा. हात कधीपर्यंत लावायचा नाही ते सगळे सांगतात. कधीपासून लावला तरी चालेल, तेही घरच्यांना सांगा. आम्हाला ते कोणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही तिला सांगितलं नाही.

गेल्या वर्षी आई येऊन गेली. माझ्या कमरेखाली आता नुसती पांढरी रेघ आहे. महिनाभर ती होती, आम्ही चौघं टेबलावर बसून जेवलो, तिने मला दोनदा वाढलं, माझ्यावर ओरडली, सगळं पूर्वीसारखं. निघायच्या दिवशी सई बॅग घेऊन लिफ्टपाशी उभी होती. "आजी, यल्ला, टॅक्सी इज वेटिंग!"

मी वाकलो आणि तिच्या पायांना हात लावला. आमच्याकडे वाकलेल्याच्या पाठीवरून हात फिरवतात. मी त्या हाताची वाट बघत राहिलो. तो आला नाही. तिची पावलं मागे सरकली.

"थांब," ती म्हणाली, "हात धुऊन येते."

"आई, अगं कधीच भरली ती जखम."

पण ती आत गेली होती. मी तसाच वाकून राहिलो. आता तेवढं राहता येतं मला. स्वयंपाकघरातून नळाचा आवाज येत होता, आणि तो बराच वेळ थांबला नाही.